आठ महिने, १५०-६०० लेन्स आणि चंद्रावरून गेलेली अकरा विमानं

ऑगस्टमध्ये ही लेन्स घरी आली तेव्हा नागपुरात पावसाची झड लागली होती. पहिले तीन आठवडे चंद्र दिसलाच नाही. तेव्हाच रिव्ह्यू लिहिला असता तर तो समोरच्या बिल्डिंगच्या पाण्याच्या टाकीचा झाला असता. त्या टाकीचे, टाकीवरच्या कबुतरांचे आणि कबुतरांच्या नारिंगी डोळ्यांचे माझ्याकडे तीनशेच्या वर फोटो आहेत. आता एप्रिल उजाडलाय, चंद्रही भरपूर पाहून झालाय, तेव्हा लिहायला हरकत नाही.

लेन्स १५०-६०० मिमी फोकल लेंग्थची (आकडा मोठा तितकं लांबचं जवळ दिसतं), एफ ५-६.३ (हा छिद्राचा आकडा, लहान तितकं छिद्र मोठं). या रेंजच्या लेन्स एकाहून जास्त कंपन्या काढतात. माझी कोणती ते सांगत नाही, कारण ती सेकंडहँड आहे. आधीच्या मालकाने ती कशी वापरली देव जाणे, आणि एका नगावरून कंपनीला नावं ठेवणं बरोबर नाही. नव्याच्या निम्म्याहून थोडी जास्त किंमत पडली. कॅमेऱ्याची बॉडी माझी जुनीच, २४ मेगापिक्सलची एपीएस-सी (म्हणजे लहान सेन्सरची), सेकंदाला सात फ्रेम काढणारी.

पक्ष्यांसाठी ही लेन्स घेणारे पुष्कळ आहेत, त्यांचे अनुभव वाचायला मिळतील. मी घेतली ती एकाच वेडापायी. नागपूर देशाच्या मधोमध. दिल्लीहून बेंगळुरू-हैदराबादकडे जाणारी आणि मुंबईहून कोलकात्याकडे जाणारी विमानं आमच्या डोक्यावरून किंवा आसपासून जातात. रात्री गच्चीवर पडलं की दर थोड्या वेळाने एक लुकलुकता दिवा सरकताना दिसतो. त्यातलं एखादं चंद्रासमोरून जाताना पकडायचं आणि हौशी छायाचित्रकारांच्या स्पर्धेला पाठवायचं, एवढाच बेत होता.

थोडा हिशेब सांगतो, कारण तो मला लेन्स घेतल्यावर कळला. आधी कळायला हवा होता. आकाशात चंद्राची रुंदी सुमारे अर्धा अंश. फोकल लेंग्थला ११० ने भागलं की सेन्सरवर तो केवढा पडेल ते निघतं. ६०० ला साडेपाच मिलिमीटर, म्हणजे माझ्या सेन्सरवर साधारण १४०० पिक्सल. हे भरपूर आहे. विमानाचं गणित मात्र चंद्र किती वर आलाय त्यावर ठरतं. माझ्या डोक्यात चित्र होतं ते उगवत्या, मोठ्या, केशरी चंद्राचं, आणि त्यावर ठसठशीत विमान. हे चित्र विमानतळाजवळच्या, उतरणाऱ्या विमानांचं. आमची विमानं ११ किलोमीटर उंचीवरून जातात. चंद्र क्षितिजापासून १० अंशांवर असताना त्याच्यासमोरून जाणारं विमान आपल्यापासून साठ किलोमीटर लांब असतं. साडेसदतीस मीटर लांबीचं ए३२० तिथे चंद्राच्या चौदाव्या हिश्शाएवढं दिसतं. सप्टेंबरात असं एक विमान मी पकडलं. बायकोने स्क्रीनवर बोट फिरवलं आणि म्हणाली, "अहो, कचरा आहे वाटते लेन्सवर."

तेच चंद्र ६० अंशांवर असला की अंतर पावणेतेरा किलोमीटरवर येतं आणि विमान चंद्राच्या एक तृतीयांश भरतं. बोइंग ७७७ सारखं ७४ मीटरचं धूड असेल तर अर्ध्याच्या वर. म्हणजे वर चढलेला चंद्र हवा. त्याचा दुसरा फायदा असा की मधे हवेचा थर कमी येतो. आणि वेळ? विमान चंद्र ओलांडतं त्याला लागतो जेमतेम अर्धा सेकंद. माझ्या कॅमेऱ्यात तीन फ्रेम, नशीब असेल तर चार. वर चंद्र दर दोन मिनिटांना स्वतःच्या रुंदीएवढा सरकतो, तेव्हा फ्रेम लावून चहा प्यायला खाली गेलात की संपलं.

पहिलं खरं यश कोजागिरीला मिळालं. सोसायटीची सगळी मंडळी गच्चीवर, मोठ्या पातेल्यात मसाला दूध आटतंय, पोरं अंताक्षरीवर भांडताहेत, आणि मी टाकीच्या आडोशाला ट्रायपॉड लावून. खालच्या मजल्यावरचे काका दर पाच मिनिटांनी यायचे. "काय पाहून राहिले जी एवढं? चंद्र तर सगळ्यांचाच आहे." साडेअकराच्या सुमारास उत्तरेकडून एक दिवा येताना दिसला, सरळ चंद्राच्या रोखाने. मी काकांना हात करून गप्प केलं आणि बटण दाबून धरलं. स्क्रीनवर बघितलं तर मधल्या फ्रेममध्ये काळं, कापून चिकटवल्यासारखं विमान, दोन्ही पंख, शेपटी, सगळं. शिवाय इंजिनांमागे चंद्राची कड पाण्यातल्यासारखी हलली होती. गरम धुराच्या झोतातून प्रकाश वाकतो, त्याने ते होतं. इतकं बारीक ही लेन्स दाखवेल असं वाटलं नव्हतं. त्या रात्री मी तिचे सगळे गुन्हे माफ केले.

माझे माझ्याकडेच राहिले. कार्ड भरत आलं होतं, बफर (कॅमेऱ्याची तात्पुरती मेमरी) अडू नये म्हणून मी जेपेग, म्हणजे आटवलेली फाइल, लावलं होतं, आणि घरी येऊन "बाकीच्या कशाला हव्यात" म्हणत पुढच्या-मागच्या फ्रेम उडवल्या. फोटो एका स्पर्धेला पाठवला. स्पर्धेचं नाव नको. त्यांचा नियम होता की फोटो एकाच एक्स्पोजरचा हवा, आणि शंका आली तर मूळ रॉ फाइल (सेन्सरने टिपलेली, प्रक्रिया न केलेली) दाखवावी लागेल. शंका आली. येणारच, चंद्र-विमान म्हटलं की निम्म्या लोकांना दोन फोटो जोडलेले वाटतात. माझ्याकडे दाखवायला काही नव्हतं. फोटो बाद. मला राग आला होता हे कबूल करतो, दोन दिवस जेवताना तोच विषय होता. पण परीक्षकाच्या जागी मी असतो तरी तेच केलं असतं. ते विमान खरंच चिकटवल्यासारखं दिसतं.

आता लेन्सविषयी. धार ६०० ला पूर्ण उघडी ठेवली तर ठीक, एफ ८ ला चांगली. त्याच्या पुढे नेऊन काही मिळत नाही, उलट शटर हळू होतं. शटर इथे जीव की प्राण आहे. विमान अर्ध्या सेकंदात १४०० पिक्सल ओलांडतं, म्हणजे १/१००० सेकंदालाही ते तीन पिक्सल पसरतं. मी १/२००० च्या खाली येत नाही. पौर्णिमेचा चंद्र चांगला झगझगीत असतो, शेवटी तो उन्हात पडलेला दगडच. त्यामुळे एफ ८ ला आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता) हजारच्या आसपास ठेवून काम भागतं. अर्धवट चंद्राला दुप्पट लागतो.

ऑटोफोकस चंद्रावर पटकन बसतो, पण फ्रेममध्ये विमान शिरताच कधी कधी बिथरतो आणि अर्धा सेकंद त्यातच जातो. म्हणून लाइव्ह व्ह्यूमध्ये (मागच्या स्क्रीनवर) चंद्राची कड मोठी करून हाताने फोकस लावायचा आणि स्विच एमवर टाकायचा. ६०० ला एफ ८ वर दोन-अडीच किलोमीटरच्या पलीकडचं सगळं एकाच फोकसमध्ये येतं, त्यामुळे विमानासाठी वेगळं काही करावं लागत नाही. रिंगवरच्या अनंताच्या खुणेवर मात्र भरवसा नको, रिंग तिच्याही पुढे जाते. डिसेंबरात रात्र गार होत गेली की फोकस जरासा हलतो, तासाभराने पुन्हा बघावा लागतो.

माझ्या नगाची खरी खोड म्हणजे झूमची नळी. हिवाळ्यातली पौर्णिमा आमच्याकडे जवळपास माथ्यावर येते. ऐकायला छान वाटतं, कारण विमान सगळ्यात जवळ तेव्हाच. पण लेन्स आकाशाकडे सरळ वर केली की पुढचा जड भाग आपल्या वजनाने हळूहळू आत सरकतो, आणि ६०० चं ५०० कधी झालं कळत नाही. लॉक आहे, तो सैल झालाय. चिकटपट्टी लावून पाहिली, तिचा डिंक रिंगला लागला. शेवटी भाजीच्या जुडीला येतं ते जाड रबर दुहेरी करून नळीच्या सांध्यावर बसवलं. आठ महिन्यांतली माझी सर्वोत्तम ॲक्सेसरी, किंमत शून्य. माथ्यावरचा चंद्र व्ह्यूफाइंडरमधून बघायला ट्रायपॉडखाली गादी टाकून आडवं व्हावं लागतं, ते वेगळंच. थंडीत गच्चीवर मफलर गुंडाळून गादीवर पडलेला माणूस बघून शेजारच्या बिल्डिंगमधून एकदा विचारणा झाली होती, तब्येत बरी आहे ना म्हणून.

वजन सुमारे दोन किलो. लेन्सच्या किमतीत ट्रायपॉडचे पैसे आधीच धरा, मी धरले नव्हते. जुन्या हलक्या ट्रायपॉडवर नोव्हेंबरात लेन्सला धरणाऱ्या कॉलरचा स्क्रू सैल झाला, लेन्स मान टाकल्यासारखी पुढे कलली आणि कठड्याला आपटली. काच वाचली, हुडला (लेन्सच्या तोंडावरच्या कड्याला) तडा गेला. नंतर जड ट्रायपॉड घेतला. १.४ चा टेलिकन्व्हर्टर (लेन्स आणि बॉडीच्या मधे बसणारं, चित्र तेवढ्या पट मोठं करणारं भिंग) मित्राकडून आणून पाहिला. त्याने चंद्र मोठा झाला, तपशील तेवढाच राहिला, ऑटोफोकस गेला. परत केला.

सगळ्यात उशिरा उमगलेली गोष्ट ही की पौर्णिमा या कामाची नाहीच. पौर्णिमेचा चंद्र सपाट, ताटलीसारखा. त्यावर विमान फक्त काळं दिसतं. शुद्ध नवमी ते एकादशीचा चंद्र सूर्य मावळताना चांगला वर आलेला असतो, आणि उजेड-अंधाराच्या सीमेवरची विवरं सावल्यांमुळे उठून दिसतात. आणि गंमत पुढेच आहे. आपल्याकडे सूर्य बुडाला तरी ११ किलोमीटर उंचीवरच्या विमानावर आणखी दहा-पंधरा मिनिटं ऊन असतं. खाली दिवे लागलेत, आकाश निळं-करडं झालंय, चंद्र उजळलाय आणि विमान मात्र तांबूस सोनेरी. ही दहा मिनिटं मिळाली की अर्धं काम झालं.

मार्गशीर्ष शुद्ध दशमीला ती मिळाली. विमानं वाटेल तिथून उडत नाहीत, ठरलेल्या मार्गांवरून जातात. तीन महिने बघून मला आमच्या गच्चीवरून दिसणारी एक रेघ पाठ झाली होती. चंद्र त्या रेघेवर कधी येईल ते स्टेलॅरियम या आकाशाच्या नकाशाच्या ॲपमध्ये बघायचं, कोणतं विमान येतंय ते फ्लाइटरडार या विमानं दाखवणाऱ्या ॲपवर, पण बटण दाबायचं डोळ्यांनी बघूनच. त्या दिवशी ए विंगच्या गच्चीवरून रेघ चंद्राच्या जरा वरून जात होती. विमानाची चंद्रासमोरची वाट जमिनीवर शंभर-दीडशे मीटरच्या पट्ट्यातूनच दिसते, म्हणून सी विंगची किल्ली आणायला सेक्रेटरींकडे धावलो. ते देवपूजेला बसले होते. किल्ली काकूंनी दिली. जिने चढून, ट्रायपॉड लावून, फोकस घेऊन उभा राहतो तोच विमान आलं. चार फ्रेम, पैकी दुसरीत ते चंद्राच्या मधोमध, मागे दोन पातळ गुलाबी रेघा. हात इतके थरथरत होते की स्क्रीन मोठी करून बघायला जरा वेळ लागला.

या वेळी रॉ होतं, आणि पुढच्या-मागच्या पंधरा फ्रेमही जपून ठेवल्या. दुसऱ्या एका स्पर्धेला पाठवला, त्यांनी मूळ फाइल मागितली, मी अख्खी मालिकाच दिली. उत्तेजनार्थ बक्षीस मिळालं. पहिला नंबर तान्ह्या पोळ्याच्या फोटोला: लाकडी नंदी ओढणारी, नाकातून शेंबूड गळणारी एक चिमुकली. ५० मिमी लेन्सने काढलेला. फोटो खरंच चांगला होता. बक्षिसाच्या रकमेत माझा तडा गेलेला हुड बदलून झाला, वर शंभर रुपये उरले.

नागपूरकरांना एक सांगणं. सोनेगावकडे विमानतळाच्या भिंतीजवळ ही नळी काढून उभे राहू नका, तिथे वायुसेनेचंही ठाणं आहे आणि एवढी लेन्स दुरून भलतीच दिसते. आपली गच्ची बरी. पावसाळ्यात बुरशीची भीती असते, म्हणून लेन्स पापडाच्या मोठ्या हवाबंद डब्यात सिलिका जेल टाकून ठेवतो. पापड कुठे ठेवायचे हा प्रश्न घरात अजून सुटलेला नाही.

घ्यावी का? पक्षी आणि चंद्र दोन्ही करायचे असतील तर घ्या, तेही दुकानात लॉक नीट तपासून. नुसत्या चंद्रावरच्या विमानासाठी घेणार असाल तर आधी दोन महिने साध्या डोळ्यांनी आपल्या गच्चीवरून विमानांच्या रेघा बघा. रेघ मिळाली तरच पैसे काढा. अकरापैकी तीन फोटो दाखवण्याजोगे आले, तेही सगळे नोव्हेंबर ते फेब्रुवारीतले, कोजागिरीचा धरून चार म्हणा.

आता पारा चाळिशीच्या वर गेलाय. दिवसभर तापलेला स्लॅब रात्री दहापर्यंत वाफा सोडतो, त्यात शेजाऱ्यांचे टिनाचे पत्रे. ६०० वर चंद्राची कड उकळत्या दुधासारखी हलते. मागच्या आठवड्यात लेन्स विकायची जाहिरात टाकली होती. एकाचा फोनही आला, भाव पटला. मग पंचांग पाहिलं तर परवा दशमी. त्याला पुढच्या महिन्यात बघू म्हटलंय. सकाळी स्लॅबवर पाणी मारून बघणार आहे, संध्याकाळी पुन्हा एकदा. सी विंगची किल्ली आजच आणून ठेवली.