देवमाशांच्या अभ्यासासाठी डीएनए, टॅग की फोटो?

पैसे मोजके आणि देवमासे समुद्रभर, तेव्हा खर्च कशावर करायचा? माझं मत आधीच सांगतो. ‘हे देवमासे कुठल्या घराण्याचे?’ हा प्रश्न असेल तर डीएनए, ‘हे जातात कुठे?’ असेल तर सॅटेलाइट टॅग, म्हणजे अंगावर लावलेलं, उपग्रहामार्फत ठिकाण कळवणारं यंत्र. एकाचं उत्तर दुसऱ्याकडे मागितलं की घोळ होतो.

ग्रे देवमाशांचंच बघा. रशियाच्या साखालिन बेटाजवळ चरणारे आणि पॅसिफिकच्या पूर्व किनाऱ्यावरचे यांच्या मायटोकॉन्ड्रियल डीएनएत (पेशीकेंद्राबाहेरच्या मायटोकॉन्ड्रिया या भागातल्या डीएनएत) फरक सापडला होता, म्हणजे कळप वेगळे. पण 2011 मध्ये साखालिनजवळ टॅग लावलेली वार्वरा ही मादी पॅसिफिक ओलांडून मेक्सिकोला गेली आणि परतली: 172 दिवसांत सुमारे 22,500 किलोमीटर! डीएनए खोटा पडला का? नाही. हा डीएनए फक्त आईकडून येतो, आणि पिल्लूही चरायची जागा आईच्या मागे फिरूनच शिकतं. त्यामुळे उन्हाळ्यात वेगळी दिसणारी घराणी हिवाळ्यात एकाच किनाऱ्यावर भेटू शकतात. नरांमार्फत सरमिसळ होते का हे पाहायला पेशीकेंद्रातला डीएनए तपासावा लागतो. नुसत्या मायटोकॉन्ड्रियावर भागवणारा प्रस्ताव मी तरी परत पाठवेन.

आता उलट बाजू. 2017 मध्ये ओमानजवळ टॅग लावलेली लुबान ही हंपबॅक जातीच्या देवमाशाची मादी अरबी समुद्र ओलांडून भारताच्या दक्षिण टोकापर्यंत आली. टॅगमुळे वाट कळली. पण अरबी समुद्रातले हंपबॅक अंदाजे 70,000 वर्षं इतरांपासून तुटलेले आहेत, हे डीएनएनेच सांगितलं.

हंगामी स्थलांतरासाठी डीएनए वापरता येतो, पण आधी विणीच्या जागांवरचे नमुने हाताशी हवेत. मग चरायच्या जागेवर कुठल्या कळपाचे साधारण किती, एवढं प्रमाण निघतं, वाट नाही. टॅग काही आठवडे ते काही महिने टिकतो, महाग असतो, आणि मोजक्याच प्राण्यांना लावता येतो. फोटो सगळ्यांत स्वस्त. हंपबॅकच्या शेपटीखालची नक्षी वर्षानुवर्षं ओळखता येते, मात्र जिथे कॅमेरा पोचला तिथलीच नोंद होते.

सुरुवात करायची तर एकाच फेरीत फोटो आणि कातडी, दोन्ही घ्या. कातडीचा तुकडा काढणारा पोकळ टोकाचा बाण मारण्याआधी शेपटीचा फोटो काढा आणि नमुन्याच्या कुपीवर त्याच फोटोचा क्रमांक लिहा. कातडीच्या त्या तुकड्यावरून नर की मादी हेही कळतं. टॅगचा खर्च दुसऱ्या वर्षी.