जुन्या शर्यतीचा फोटो आणि पापाची तिकटीजवळचे फ्रेमचे दुकान

कोल्हापुरातील पापाची तिकटी परिसरातील या लहानशा दुकानाच्या फलकावर ‘फोटो फ्रेम, लॅमिनेशन, जुने फोटो नवीन करून मिळतील’ एवढाच मजकूर आहे. परंतु खराब झालेला कृष्णधवल फोटो ज्यांना जाणत्या हातात सोपवायचा असेल, त्यांनी येथे अवश्य जावे असे मी मनापासून सांगेन.

आमचा कॉलेजमधील मित्र नुकताच वारला. १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला शिवाजी विद्यापीठाच्या आंतरमहाविद्यालयीन स्पर्धांत तो ८०० आणि १५०० मीटर धावत असे. त्याच्या घरी ८०० मीटरच्या एका शर्यतीच्या शेवटाचा फोटो होता: मुरमाच्या मैदानावर फक्कीने आखलेल्या लेन, बनियनवर सेफ्टी पिनांनी टाचलेला नंबर, आणि उजव्या बाजूला अर्धे पाऊल पुढे असलेला सांगलीच्या कॉलेजचा धावपटू. फोटो काचेला थेट टेकवून बसवलेला असल्यामुळे ओलीने काचेला चिकटला होता आणि सांगलीकराच्या चेहऱ्यावर बुरशी पसरली होती.

आधी दाखवलेल्या एका ठिकाणी ‘खराब बाजू कापून टाकू आणि मागे निळे आकाश घालू’ असे सुचवण्यात आले. ते आम्हाला मान्य होणे शक्यच नव्हते. आमचा मित्र पहिल्या लॅपपासून पुढे राहून शर्यत ओढणारा. १९७६च्या मॉन्ट्रियल ऑलिंपिकमध्ये ८०० मीटरच्या अंतिम फेरीत भारताच्या श्रीराम सिंग यांनी पहिला लॅप आघाडीवर राहून काढला, त्याच शर्यतीत क्युबाच्या अल्बर्टो हुआंतोरेनाने १ मिनिट ४३.५० सेकंदांचा विश्वविक्रम केला आणि सातव्या आलेल्या श्रीराम सिंग यांची १ मिनिट ४५.७७ सेकंदांची वेळ २०१८पर्यंत राष्ट्रीय विक्रम म्हणून टिकली; त्या शर्यतीबद्दल तो तासन्‌तास बोलत असे. सांगलीकराची रीत अगदी उलटी होती. तो खांद्याशी चिकटून यायचा आणि शेवटच्या दोनशे मीटरला बाहेरून निघायचा. वाघबीळपासून पन्हाळ्याच्या चढावर पहाटे धावण्याचा सराव आमच्या मित्राने सुरू केला, तो केवळ या एका माणसासाठी. फोटोतील शर्यत सांगलीकराने जिंकली. तरीही घरात लावायला मित्राने हाच फोटो निवडला, कारण त्याची स्वतःची सर्वांत चांगली वेळ त्याच दिवशी लागली होती. त्या माणसाला कापून टाकले असते, तर फोटोत शर्यतच उरली नसती.

पापाची तिकटीच्या दुकानदारांना हे फार समजावून सांगावे लागले नाही. काच ओढली तर जिलेटिनचा थर सोलून निघेल, म्हणून त्यांनी फोटो काचेसकट स्कॅन केला. सांगलीकराचा त्या काळातील दुसरा फोटो मागवून घ्यायला लावला, पण तो चेहरा उचलून येथे चिकटवला नाही. नाक-हनुवटीची ठेवण पडताळण्यापुरताच त्याचा उपयोग केला, आणि बुरशीखाली जेथे काहीच शिल्लक नव्हते तेथे रेषा पुसटच राहू दिल्या. स्क्रीनवर मित्राची नडगी मोठी करून त्यांनी विचारले, “काका, हा डाग हाय का जखम?” तो ओरखडा होता. पहिल्या वळणानंतर लेन सोडून सगळे आत येताना गर्दीत कोणाच्या तरी बुटाचा स्पाइक (तळाचा खिळा) लागला होता. ओरखडा तसाच ठेवला गेला. संगणकाने सगळेच गुळगुळीत करून देणाऱ्यांच्या या दिवसांत असा प्रश्न विचारणारा कारागीर मला फार मोलाचा वाटतो.

उणिवाही सांगितल्या पाहिजेत. दिलेली तारीख पाळली गेली नाही आणि श्राद्धाचा दिवस जवळ येत असल्यामुळे आमची घालमेल झाली. फ्रेमच्या पट्ट्यांत सोनेरी नक्षीकामाचाच भरणा आहे. साधी काळी पट्टी मागवून घ्यावी लागली. चकचकीत कागद हवा की मॅट, हे आपणहून विचारले जात नाही. दुकानापर्यंत चारचाकी नेण्याच्या भानगडीत पडू नये.

१२ बाय १८ इंचांचा प्रिंट, दुरुस्ती आणि फ्रेम मिळून खर्च दोन हजारांच्या आत बसला, जो कामाच्या मानाने मला वाजवी वाटतो. काच आणि फोटो यांच्यामध्ये माउंटची पट्टी घालून घ्यावी, म्हणजे कोल्हापूरच्या पावसाळ्यात तो पुन्हा चिकटणार नाही. मूळ फोटो आणि पेनड्राइव्हवरील फाइल मागून घ्यावी. त्याच फाइलवरून दुसरी प्रत सांगलीला पाठवण्यासाठी आम्ही टाकली आहे, आणि या वेळी मॅट कागद आधीच सांगून ठेवला आहे.