नवे म्हणून गळ्यात मारलेले टायर

एप्रिल ते जून अमेरिकेतल्या ओक्लाहोमा राज्यात वादळांच्या मागे फिरणाऱ्यांची गाडी थांबतच नाही. सकाळी नॉर्मनहून निघायचं, दुपारी टेक्सासचा पॅनहँडल, म्हणजे उत्तरेकडचा चौकोनी भाग, गाठायचं, ढग सरकतील तसं रात्री कॅन्ससच्या हद्दीत पोचायचं. ऑइल, ब्रेक, गारांनी फुटणारी काच याकडे सगळ्यांचं लक्ष असतं. मला लुबाडलं ते टायरमध्ये.

2023 च्या सीझनआधी एका गॅरेजात चार टायर घातले. पावतीवर ‘नवे’ असं स्वच्छ लिहिलेलं, नक्षी खोल, रबर काळंभोर. मे महिन्यात एल रेनोच्या पश्चिमेला, पावसात, वेग बेताचा असूनही गाडी मागून घसरली. रस्ता रिकामा होता म्हणून वाचलो. याच एल रेनोजवळ 31 मे 2013 ला टोर्नेडोचा भोवरा 2.6 मैल रुंद झाला होता. टिम सामारास, त्यांचा मुलगा पॉल आणि कार्ल यंग हे वादळांच्या पाठलागातले जाणते लोक त्यात सापडून मरण पावले. अशा जागी पळायची वेळ आली आणि टायरने दगा दिला, तर माणूस करणार काय? म्हणून मला हा नुसता पैशांचा प्रश्न वाटत नाही.

दुसऱ्या मेकॅनिकने गाडी लिफ्टवर चढवून टायरची आतली बाजू दाखवली. ‘डीओटी’ या अमेरिकी परिवहन खात्याच्या अक्षरांपासून सुरू होणाऱ्या क्रमांकाचे शेवटचे चार आकडे होते 2214, म्हणजे 2014 चा बाविसावा आठवडा. तारखेसकट पूर्ण क्रमांक टायरच्या एकाच बाजूला असला तरी चालतो. ती बाजू चारही चाकांना आत वळवलेली होती. एखाद्या चाकाचं चुकून होईल, चारही चाकांचं नाही. टायर न वापरता पडून राहिला तरी रबर कडक होतं आणि ओल्या रस्त्यावर पकड जाते. कित्येक गाडी कंपन्या सहा वर्षांनी टायर बदलायला सांगतात.

तेव्हा टायर चाकावर चढण्याआधीच ते आकडे वाचा, फोटो काढा. अमेरिकेत नवा टायर विकणाऱ्याने क्रमांक भरलेला नोंदणीचा कागद द्यायचा असतो किंवा स्वतः नोंदणी करायची असते; सदोष टायर परत मागवताना मालकाला त्यावरूनच कळवतात. मी तो मागितला तेव्हा ‘सगळं कॉम्प्युटरवर आहे’ एवढंच उत्तर मिळालं.

फोटो, पावती आणि दुसऱ्या मेकॅनिकचं लेखी मत जोडल्यावर कार्ड कंपनीने पैसे परत मिळवून दिले. राज्याच्या ॲटर्नी जनरलच्या, म्हणजे मुख्य कायदा अधिकाऱ्याच्या, ग्राहक विभागाकडेही तक्रार केली आहे. ते गॅरेज मात्र चालूच आहे, आणि सीझनला बाहेरून आलेले लोक आजही तिथे टायर बदलून घेतात.