मायक्रोलॉजिक ६.० ए ट्रिप युनिट: चौदा महिन्यांच्या वापरानंतर

मास्टरपॅक्ट १६०० अँपिअर, तीन पोलचा एसीबी (एअर सर्किट ब्रेकर), १००० केव्हीए ट्रान्सफॉर्मरचा इनकमर, म्हणजे पॅनेलचा मुख्य ब्रेकर. ट्रिप युनिट म्हणजे त्यातला करंट मोजून ब्रेकर पाडणारा भाग. ४३३ व्होल्टला फुल लोड १३३३ अँपिअर येतो, म्हणून आयआर (ओव्हरलोडची मर्यादा) ०.८ वर, म्हणजे १२८० अँपिअर. युनिट भरवशाचं आहे. फक्त त्याचे दिवे ‘कुठलं प्रोटेक्शन चाललं’ एवढंच सांगतात, ‘का’ ते आपणच शोधायचं.

एसीबी पडला की हात आधी रिसेटकडे जातो. तो आवरा. युनिटवर दिवे घालवायचं, दिवे तपासायचं आणि बॅटरी बघायचं बटण एकच आहे. बॅटरी बघायला म्हणून दाबलं आणि पुरावा गेला, असं सहज होतं. आधी मोबाईलवर फोटो काढा, त्यात डायलची सेटिंगही येऊ द्या.

दिव्याबरोबर ब्रेकरच्या तोंडावरचं रिसेट बटणही बघा. ते बाहेर आलं असेल तर ट्रिप युनिटनेच पाडलंय. बटण आत आणि दिवा नाही, तर यूव्ही कॉईल (व्होल्टेज घसरलं की पाडणारी), शंट कॉईल (बाहेरच्या इशाऱ्यावर पाडणारी) किंवा कुणीतरी हाताने दाबलेलं ऑफ बटण, तिकडे शोधा. बटण बाहेर आणि दिवा नाही, तर बॅटरी संपली असण्याची शक्यता सगळ्यात जास्त. ती ३.६ व्होल्टची लिथियम, अर्ध्या डबल-ए आकाराची असते. एक शिल्लक पॅनेलमध्येच ठेवावी.

आयआरचा दिवा म्हणजे ओव्हरलोड. टीआर (ओव्हरलोडला पडण्याच्या वेळेची डायल) ८ सेकंदांवर असेल तर आयआरच्या दीडपट करंटला साधारण २०० सेकंदांत पडतो. लगेच चढवून पुन्हा तोच लोड दिला तर लवकर पडेल, कारण थर्मल मेमरी सुमारे २० मिनिटं गरमपणा धरून ठेवते. ब्रेकर बिघडला असं समजू नका, लोड कमी करा. एपीचा (ऑटो-प्रोटेक्शन) दिवा लागला तर रिसेट करून चढवू नका: आतलं तापमान वाढलंय किंवा ब्रेकरने स्वतःला वाचवलंय. आधी टर्मिनलचे बोल्ट, बसबारचे जॉइंट आणि खालचा शॉर्ट तपासा.

सगळ्यात जास्त फसवतो तो आयजी, म्हणजे अर्थ फॉल्टचा दिवा. तीन पोलच्या ब्रेकरमधून न्यूट्रल जात नाही, म्हणून न्यूट्रलचा सीटी (करंट मोजणारा ट्रान्सफॉर्मर) बाहेरून जोडावा लागतो. नसेल तर न्यूट्रलमधला सगळा करंट युनिटला अर्थ फॉल्ट वाटतो. आणि सीटी उलटा बसला तर दुप्पट मोजला जातो. न्यूट्रलमध्ये २६० अँपिअर असताना युनिटला ५२० दिसतात, आणि आयजीची डायल ‘ए’ खुणेवर, म्हणजे ५०० अँपिअरवर असेल तर ट्रिप! केबल मेगर केल्या (इन्सुलेशन तपासलं) तर सगळ्या ठणठणीत. म्हणून केबल सोडवण्याआधी चालू लोडवर डिस्प्लेवर आयजी बघा. ते शून्याजवळ हवं. लायटिंग, यूपीएस वाढले-घटले की तेही वर-खाली होत असेल, तर सीटीची दिशा आणि दोन्ही तारा तपासा, केबलच्या मागे लागू नका.

खटकणारी गोष्ट एक: आयएसडी आणि आयआय, म्हणजे शॉर्ट टाइम आणि इन्स्टंटेनियस, दोघांना मिळून एकच दिवा. शॉर्ट जवळ की लांब, हे त्यावरून ठरत नाही. खालच्या फीडरचा (पॅनेलमधून पुढे जाणाऱ्या लाईनचा) एमसीसीबी, म्हणजे छोटा ब्रेकरही पडलाय का ते बघूनच अंदाज बांधावा लागतो. २४ व्होल्ट डीसी बाहेरून दिलेलं नसेल तर ट्रिपनंतर डिस्प्लेही कोराच. तुटलेल्या करंटचा आकडा, तारीख आणि वेळ हवी असेल तर इनकमरला मायक्रोलॉजिकचंच पी मॉडेल घ्या. फीडरला ए पुरतं.