पिकअपची बॅटरी उतरते म्हणून गॅरेजला गेलो आणि पंचवीस हजारांना फसलो

चार फेऱ्यांत मिळून माझे २५,२०० रुपये गेले. बिघाड निघाला चारशे रुपयांचा. पिकअपवर घर चालवणारे माझ्यासारखे कितीतरी जण आहेत आणि त्यातल्या बहुतेकांना इंजिनाचं कळतं, पण वायरिंगचं कळत नाही. मलाही कळत नव्हतं. त्याच जागी मला गाठलं गेलं, म्हणून सगळं तपशिलाने लिहितो आहे.

मी जुन्नर तालुक्यातला. स्वतःची गाडी, स्वतःच चालवतो. हंगामात नारायणगावचा टोमॅटो वाशी मार्केटला, परतीला मिळेल ते भाडं, आणि पावसाच्या तोंडाला खतांच्या गोणी. ही खताची गोष्ट लक्षात ठेवा, पुढे तिचा संबंध येतो.

जुलै २०२३. टोमॅटोचा वीस किलोचा क्रेट दोन हजारांच्या वर गेला होता. माझ्या गाडीत सत्तरेक क्रेट बसतात, म्हणजे एका फेरीला दीड लाखाच्या आसपासचा दुसऱ्याचा माल माझ्या जिवावर. त्या दिवसांत गाडी एक दिवस उभी राहिली तरी शेतकरी दुसरी गाडी बघतो आणि नंतर परत येत नाही. घाई होती, आणि ती माझ्या तोंडावर दिसतही असणार.

सुरुवात वाशीला झाली. माल उतरवून चावी फिरवली तर सेल्फ, म्हणजे इंजिन चालू करणारी मोटर, नुसता कट-कट करायला लागला. माथाडी कामगारांनी धक्का मारून गाडी चालू करून दिली. परत येताना माळशेज घाटात धुकं आणि पाऊस, आणि हेडलाईट पिवळे पडलेले. ब्लोअर लावला की आणखी मंद. तो घाट ज्यांनी पावसाळ्यात रात्री केला आहे त्यांना सांगायला नको. ब्लोअर बंद ठेवून, फडक्याने काच पुसत पुसत मढपर्यंत आलो.

आणखी दोन खुणा होत्या, ज्यांचा अर्थ मला तेव्हा लागला नाही. ब्रेक दाबला की मागचा इंडिकेटरही मंद पेटायचा. आणि गाडी दोन रात्री उभी राहिली की तिसऱ्या सकाळी बॅटरी उतरलेली असायची.

घरापासून चौदा किलोमीटरवर, हायवेला एक गॅरेज आहे. नाव लिहीत नाही. बाहेर मोठा बोर्ड, आत गाडीचे बिघाड वाचणारा स्कॅनर, तीन-चार पोरं कामाला. मालकाने दोन मिनिटं ऐकलं आणि म्हणाला, "भाऊ, बॅटरी संपली." माझी बॅटरी दीड वर्षाची होती, वॉरंटीतली. मी तसं म्हटलं तर म्हणाला, "वॉरंटीच्या नादाला लागाल तर आठ दिवस गाडी उभी राहील. तुमचा सीझन आहे." नवी बॅटरी बसवली, ७,८०० रुपये. जुनी त्याने ठेवून घेतली आणि तिचा एक रुपया वजा केला नाही. जुन्या बॅटरीतल्या शिशाला पैसे येतात आणि नवी घेताना ते बिलातून कमी होतात, हे मला माहीत होतं. तरी त्या क्षणी बोललो नाही. कुणी विचारलं तर मी हेच सांगतो, की फसलो ते तिथेच. पहिल्या चुकीच्या पैशाला गप्प बसलो आणि समोरच्याला माझा अंदाज आला.

पाच दिवसांत गाडी पुन्हा बंद. दुसऱ्या फेरीला त्याने जे केलं ते नीट वाचा, कारण ही युक्ती अजून कितीतरी ठिकाणी चालते. इंजिन चालू ठेवलं, बॉनेट उघडलं, आणि पोराला सांगितलं, बॅटरीचा मायनस काढ. पोराने टर्मिनल उचललं आणि इंजिन बंद पडलं. मालक माझ्याकडे वळून म्हणाला, "बघा, अल्टरनेटर चार्जच देत नाही. तुमच्या डोळ्यांसमोर दाखवलं." अल्टरनेटर म्हणजे इंजिनावर फिरून बॅटरी चार्ज करणारं यंत्र. मला पटलं. डोळ्यांसमोर दाखवलं की कुणालाही पटेल.

ही तपासणी जुन्या डायनामोच्या जमान्यातली. आजच्या गाडीत बॅटरी ही अल्टरनेटरच्या विजेच्या दाबाची, म्हणजे व्होल्टेजची, चढउतार सांभाळणारी उशी असते. चालू इंजिनावर ती काढली की दाब अचानक उसळतो किंवा पडतो, आणि चांगला अल्टरनेटर असला तरी इंजिन बंद पडू शकतं. त्या उसळीने अल्टरनेटरचे डायोड आणि इंजिनाचा कंट्रोलर, म्हणजे ईसीएम, जळू शकतो. म्हणजे तपासणीच्या नावाखाली चांगली वस्तू मारण्याचाच हा प्रकार. तुमच्या गाडीवर कुणी असं करायला लागलं तर हात धरा.

अल्टरनेटर बदलला, ९,५००. जुना मागितला तर म्हणाला, "एक्स्चेंजमध्ये जातो, त्यावरच तर हा भाव लावला." तिसऱ्या फेरीला सेल्फमधले कार्बन आणि बेंडिक्स हे भाग, ३,६००. वायरिंग 'साफ' करायचे २,५००. मजुरी सगळी मिळून १,८००. पैसे मी यूपीआयने दिले होते, ते पुढे उपयोगी पडलं. पावती म्हणून मिळाली ती वहीच्या पानावर पेनाने लिहिलेली चिठ्ठी, तिच्यावर ना गॅरेजचा शिक्का, ना जीएसटी नंबर.

चौथ्या फेरीला स्कॅनर लावला. पडद्यावर बिघाडाचे अकरा कोड. एकेक कोड मोठ्याने वाचत गेला, सेन्सर, इंजेक्टर, काय काय. शेवटी म्हणाला, "ईसीएम गेलाय. बेचाळीस हजार. पंधरा आत्ता द्या, परवा मागवून घेतो." तेव्हा माझ्याकडे पंधरा नव्हते. सोसायटीचं कर्ज नुकतंच नवं-जुनं केलं होतं. घरी येऊन बायकोला सांगितलं की दागिना ठेवावा लागेल. तिने एकच विचारलं, "चार वेळा तोच माणूस चुकला, मग पाचव्यांदा बरोबर सांगेल कशावरून?" माझ्याकडे उत्तर नव्हतं.

आमच्या शेजारच्या वाडीत एसटीतून निवृत्त झालेले एक वायरमन राहतात. आम्ही सगळे त्यांना अण्णा म्हणतो. आधी त्यांच्याकडे का गेलो नाही याचं कारण इतकंच, की त्यांच्याकडे बोर्ड नाही, स्कॅनर नाही. एक मीटर आणि एक टेस्टिंग बल्ब, पिशवीत गुंडाळलेला.

अण्णांनी आधी काहीच खोललं नाही. गाडी बंद असताना बॅटरीवर मीटर लावला. १२.२ व्होल्ट. म्हणाले, "भरलेल्या बॅटरीला १२.६ च्या पुढे दिसायला पाहिजे. ही अर्धीच आहे." गाडी चालू केली, हेडलाईट आणि ब्लोअर लावायला सांगितला. मीटरची एक वायर अल्टरनेटरच्या जाड टोकाला, दुसरी त्याच्याच बॉडीला. १४.२. मग तोच मीटर बॅटरीच्या दोन्ही टोकांना. १३.४.

"अल्टरनेटर १४.२ देतोय आणि बॅटरीला १३.४ पोचतंय. मग मधलं पाऊण व्होल्ट कुठं मुरतंय?" त्यांनी मला विचारलं, जणू मलाच ते शोधायचं होतं. नंतर मीटरची एक वायर बॅटरीच्या मायनसला, दुसरी थेट इंजिनच्या लोखंडाला टेकवली आणि मला सेल्फ मारायला लावला. तीन व्होल्टच्या वर आकडा गेला. "इथं शून्याच्या जवळ पाहिजे. अर्धा व्होल्ट म्हणजे सुद्धा जास्तच."

मग ते गाडीखाली गेले आणि टॉर्च मारला. इंजिन रबरच्या माऊंटिंगवर बसवलेलं असतं, त्यामुळे त्याच्या लोखंडाचा चॅसिसच्या लोखंडाशी थेट संबंध येत नाही. तो जोडायला तांब्याच्या जाळीची एक पट्टी असते, वीतभर लांबीची. तिला अर्थिंग म्हणतात. सेल्फला लागणारा सगळा करंट त्या पट्टीतूनच परत बॅटरीकडे जातो, आणि अल्टरनेटरचा चार्जही. माझ्या गाडीतली ती पट्टी हिरवी पडली होती, निम्म्या तारा तुटलेल्या, चॅसिसचा बोल्ट गंजून फुगलेला. अण्णांनी विचारलं, "खत भरतोस का?" दरवर्षी भरतो. फाटक्या गोणीतून सांडलेलं खत पावसाच्या पाण्यात विरघळून चॅसिसवर उतरतं आणि तांब्या-लोखंडाच्या सांध्याला खातं. मागच्या दिव्यांचं अर्थिंगही तसंच गेलं होतं. दिव्याला परतीची वाट मिळाली नाही की करंट शेजारच्या दिव्यातून वाट काढतो, म्हणून ब्रेक दाबल्यावर इंडिकेटर पेटत होता. ज्याला वायरिंग येतं त्याला त्या एका खुणेवरून अर्थिंग तपासायचं सुचायलाच हवं होतं. गॅरेजमध्ये पहिल्याच दिवशी मी ती खूण सांगितली होती.

राहिला प्रश्न दोन रात्रींत बॅटरी उतरण्याचा. अण्णांनी चावी काढली, दारं लावली, मायनसची वायर सोडून मधे मीटर अँपिअरवर जोडला. थोडा वेळ थांबले. ०.४२. "उभ्या गाडीला ०.०५ च्या आत पाहिजे." मग एकेक फ्यूज काढत गेले. गाडी घेतल्यावर मी बॉडीवाल्याकडून टेप आणि अँप्लिफायर बसवून घेतला होता. त्याची वायर चावीच्या मागून न घेता थेट बॅटरीवर मारलेली, मधे फ्यूजच्या जागी तांब्याची तार. ती काढली आणि आकडा ०.०३ वर आला. ०.४२ म्हणजे दिवसाला दहा अँपिअर-तास. आधीच अर्धपोटी असलेली बॅटरी दोन रात्री त्यावर कशी टिकणार? आणि फ्यूजच्या जागी ती तार म्हणजे केबिनला कधीही आग. ही चूक माझी, मी बसवून घेताना बघितलं नव्हतं.

नवी पट्टी, बोल्ट, एक रिले, एक फ्यूज होल्डर. ४०० रुपये. सांधे पॉलिश पेपरने घासून ग्रीस लावलं. अण्णांनी मजुरी घेतली नाही. एका ओळखीच्याकडे स्कॅनर होता, तिथे अकराही कोड पुसले. आठवडाभर गाडी चालवून पुन्हा बघितलं तर एकही परत आला नव्हता. सेल्फ मारताना दाब फार खाली पडला की ईसीएमला सेन्सर नीट वाचता येत नाहीत आणि तो भराभर कोड लिहून ठेवतो. कोड पुसून गाडी चालवायची आणि परत येतो तोच खरा धरायचा, एवढं त्या गॅरेजवाल्याला नक्की माहीत होतं.

अण्णांनी नंतर अल्टरनेटर आणि बॅटरीही बघितली. अल्टरनेटरला नवा रंग मारलेला, पण पुलीच्या आतल्या बाजूला जुनी झीज. बॅटरीवर स्टिकर नवं, झाकणावर कोरलेला तारखेचा कोड घासून काढलेला आणि बुचं दोन वेगवेगळ्या रंगांची. माझ्या चांगल्या दोन्ही वस्तू त्याने ठेवून घेतल्या होत्या. ती बॅटरी नोव्हेंबरात मेली.

मी गॅरेजवर गेलो तेव्हा तो म्हणाला, "चिठ्ठीवर कुठं लिहिलंय नवीन म्हणून? आणि गाडी धंद्याची आहे, ग्राहक कोर्टात तुम्हाला जाता येत नाही." हे वाक्य बरेच जण ऐकवतात आणि माणूस परत फिरतो, म्हणून सांगतो. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ मध्ये व्यापारी कारणासाठी घेतलेली वस्तू किंवा सेवा वगळली आहे हे खरं. पण स्वतः राबून केवळ पोट भरण्यासाठी घेतलेली वस्तू त्या व्यापारी कारणात धरली जात नाही. एकच गाडी, ती मीच चालवतो, दुसरं उत्पन्न नाही, हे मी लिहून दाखवू शकत होतो. व्यवहाराची रक्कम पाच लाखांच्या आत असेल तर जिल्हा ग्राहक आयोगात फी लागत नाही, वकील सक्तीचा नाही, आणि आपण राहतो त्या जिल्ह्यात तक्रार करता येते. मुदत दोन वर्षांची.

आधी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाईनवर तक्रार नोंदवली. तिथून काही हललं नाही. मग रजिस्टर पोस्टाने नोटीस पाठवली. सोबत यूपीआयच्या नोंदी, चिठ्ठीची झेरॉक्स, घासलेल्या कोडचे फोटो, आणि अण्णांनी मीटरचे आकडे तारखेसह लिहून सही केलेला कागद. पुण्याच्या आयोगात जाणार आहे असं स्पष्ट लिहिलं होतं. नवव्या दिवशी त्याचा फोन आला. दोन बैठका झाल्या, गावातले दोघे मधे बसले. बॅटरीचे पूर्ण आणि मजुरी-वायरिंगचे मिळून १२,१०० रुपये त्याने परत केले.

अल्टरनेटरचे दिले नाहीत. माझा काढलेला अल्टरनेटर चांगला होता हे मला दाखवता आलं नाही, कारण त्याचा नंबर मी कधी टिपून ठेवला नव्हता. आता अल्टरनेटर, सेल्फ, बॅटरी आणि ईसीएम, चारही नंबरांचे फोटो मोबाईलमध्ये आहेत, आणि डॅशबोर्डच्या कप्प्यात साडेतीनशे रुपयांचा मीटर आहे. खताची फेरी झाली की मी गाडीखाली जाऊन ती पट्टी बघतो.