पाणबुड्याच्या घरगुती स्कूटरला बॅटरी कोणती?

पाण्याखाली पाणबुड्याला ओढत नेणारी मोटरची स्कूटर माझा मित्र घरीच बनवतो आहे. तिच्यासाठी मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरील इलेक्ट्रॉनिक्स बाजारात शिसे-आम्लाची बॅटरी घ्यावी की लिथियमची, या पेचात तो पडला आहे. तिचा 160 मिलिमीटर व्यासाचा, 60 सेंटिमीटर लांबीचा बंद पीव्हीसी पाइप सुमारे 12 लिटर पाणी बाजूला सारतो. म्हणजे स्कूटर तरंगू अथवा बुडू नये यासाठी तिचे वजन 12 किलोच्या आसपास हवेच, त्यामुळे शिशाचे ओझे येथे वाया जात नाही, उलट हलक्या लिथियमसोबत वेगळे वजन बसवावे लागते. शिसे स्वस्तही पडते. मात्र मोटरने जास्त विद्युतप्रवाह ओढला की त्याची क्षमता बरीच घटते, आणि चार्जिंगवेळी हायड्रोजन सुटू शकतो, म्हणून झाकण उघडलेच पाहिजे. मग झाकणाच्या ओ-रिंगवर, म्हणजे पाणी अडवणाऱ्या रबरी कडीवर, वाळूचा एक कण राहिला तरी पाणी शिरू शकते. लिथियम आयर्न फॉस्फेट हा लिथियम बॅटरीचा प्रकार शिशापेक्षा अधिक टिकतो. तरणतलावातील चाचण्यांना शिसे पुरेसे आहे. मालवणच्या समुद्रात वारंवार उतरणाऱ्याने लिथियमच घ्यावे.