इंदूरमध्ये चिलापी हवी असेल तर या दुकानात जा

आधीच सांगतो, हे हॉटेल नाही, मच्छीचं छोटं दुकान आहे, बोर्डवर नुसतं ‘ताजी मच्छी’ लिहिलंय आणि बाजूला कढई ठेवलीय, घेतलेली मच्छी सांगितलंत तर तिथंच तळून देतात. रोहू-कतला काय सगळीकडेच मिळतो, मी जातो ते चिलापीसाठी, म्हणजे तिलापिया. आमची भिगवणची मावशी उजनीची चिलापी खाऊन मोठी झालेली, आली होती तेव्हा तिनंसुद्धा नावं ठेवली नाहीत, म्हणजे बघा.

लोकांची तक्रार एकच, चिखलट वास येतो. येतो ना, पण तो थोडाफार कापणाऱ्याच्याही हातात असतो. इथले काका खवले नीट काढतात, कल्ले काढतात, पाठीवरचे टोकदार काटे छाटतात आणि पोटातला तो पातळ काळा पडदा खरवडून काढतात, बाकी ठिकाणी हे स्वतःहून कोणी करत नाही. घरी आणून मीठ, हळद, लिंबू चोळून वीसेक मिनिटं ठेवायची, धुवायची, मग आलं-लसूण-मिरचीचं वाटण आणि आमसुलाचा आगळ, वरून रवा नि तांदळाचं पीठ, तव्यावर मध्यम आचेवर. रोहूसारखे बारीक काटे मांसात नसतात, त्यामुळे पोरं पण खातात. दुकानातली तळलेली घेतलीत तर ते वरून जीरावन मसाला भुरभुरवतात, इंदूर आहे भाऊ, इथं पोह्यांवर टाकतात तर मच्छी कशी सुटेल! मला आवडलं, बायकोला नाही.

आता ही का खावी. चिलापी मूळची आफ्रिकेची, १९५२ मध्ये भारतात आणली, आणि १९५९ मध्येच ती आणखी पसरवू नका अशी बंदी घालायची वेळ आली. मादी अंडी-पिल्लं तोंडात सांभाळते म्हणून ती वाचतात बरीच, वर्षातून अनेकदा वीण, आणि तळं भरलं की वाढ खुंटून हाताएवढीच राहते, देशी माशांचं खाणं आणि जागा दोन्ही खाऊन बसते. मच्छीमाराच्या जाळ्यात ढिगानं येते पण असल्या बारक्या चिलापीला भाव कोण देतो, हे काका घेतात आणि किलोवर स्वस्तात विकतात, माझे स्टार खरंतर त्याचेच. फक्त खाऊन ती संपेल असं मला वाटत नाही, उलट मागणी वाढली की कोणीतरी मुद्दाम नव्या तळ्यात सोडेल ही भीती आहेच, म्हणून काकांना एवढंच विचारा की पकडलेली आहे की पाळलेली, ते खरं सांगतात.

मांगूरचं, म्हणजे त्या मिशीवाल्या माशाचं पण विचारलं होतं, काका म्हणाले, ‘भिया, थाई वाला अपन रखते ही नहीं.’ थाई म्हणतात तो खरा आफ्रिकन मांगूर, त्याच्यावर २००० सालापासून बंदी आहे तरी बाजारात दिसतो, दोन-तीन किलोचा धूड ‘देशी’ म्हणून कोणी गळ्यात मारत असेल तर घेऊ नका, देशी इतका होत नाही. आणि हो, घरच्या टँकमधला काचा चाटणारा मासा मोठा झाला म्हणून सिरपूर तलावात नेऊन सोडणाऱ्यांनो, सिरपूर आणि यशवंत सागर हे इथले तलाव २०२२ पासून रामसर यादीत, म्हणजे जगातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत आहेत, जरा लाज बाळगा.

१६ जून ते १५ ऑगस्ट नद्या-धरणांवर मासेमारी बंद, तेव्हा इथं नदीला न जोडलेल्या तळ्यांतलाच माल असतो, कमी आणि थोडा महाग. बर्फातला समुद्री माल पण ठेवतात, तो मला काही खास नाही वाटला. पार्किंग नाही, रविवारी अकराच्या आत जा, नंतर फक्त मोठे कतले उरतात. यूपीआय चालतं पण काकांचा फोन कायम डिस्चार्ज, सुट्टे ठेवा. पाचपैकी चार.